यूव्ही: वेगापेक्षा शिस्तीसाठी वापरावे असे पायथनचे अवजार

यूव्हीचे नाव पायथन लिहिणाऱ्यांच्या तोंडी बसले ते त्याच्या वेगामुळे. अ‍ॅस्ट्रल या कंपनीने रस्ट भाषेत लिहिलेले, पायथनची पॅकेजे (इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड) बसवणारे हे अवजार फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांसाठी खुले केले आणि ते पिप या त्याच कामाच्या नेहमीच्या अवजारापेक्षा दहा ते शंभर पट वेगवान असल्याचे सांगितले. रोजच्या वापरात हा दावा फुगवलेला वाटत नाही. एकदा उतरवून घेतलेली पॅकेजे दुसऱ्या प्रकल्पात बसवताना तर आज्ञा देऊन हात बाजूला घेईपर्यंत काम झालेले असते. मात्र ज्यांच्या पडद्यावर अधूनमधून 'नो मॉड्यूल नेम्ड' ही ओळ उमटते आणि त्यापायी अर्धा दिवस वाया जातो, त्यांचा प्रश्न वेगाचा नसतो. म्हणून या परीक्षणात वेगाचा विचार जवळजवळ केलेलाच नाही. इम्पोर्ट न होणारी, म्हणजे प्रोग्रॅममध्ये न येणारी, मॉड्यूल्स आणि एकमेकांशी न पटणाऱ्या आवृत्त्या या दोन दुखण्यांवर यूव्ही कितपत गुण देते, कुठे ते निरुपयोगी ठरते आणि कुठे त्याच्यामुळेच नवे दुखणे मागे लागते, एवढेच येथे पाहायचे आहे.

माझ्या पाहण्यात 'मॉड्यूल सापडत नाही' या तक्रारीमागचे सर्वांत नेहमीचे कारण पॅकेज बसवायचे राहून जाणे हे नसते. पॅकेज बसवलेले असते, पण दुसऱ्याच पायथनमध्ये. साध्या विंडोज लॅपटॉपवर पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेली एक प्रत, अभ्यासक्रमासाठी बसवलेली अ‍ॅनाकोंडाची दुसरी, 'पायथन' असे टाइप केल्यावर उघडलेल्या मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आलेली तिसरी, आणि त्यांतली कोणती तरी एक व्हीएस कोड या संपादकाने परस्पर निवडलेली, असा पसारा सहज जमतो. 'पिप इन्स्टॉल पांडाज' ही आज्ञा एका प्रतीत जाते, प्रोग्रॅम दुसऱ्या प्रतीवर चालतो, आणि पांडाज नुकतेच बसवले असूनही ते नाही असे उत्तर मिळते. नुसते 'पिप' न लिहिता 'पायथन -एम पिप' असे लिहिणे आणि प्रोग्रॅमच्या आरंभी 'सिस.एक्झिक्यूटेबल' छापून आपण नेमक्या कोणत्या पायथनवर उभे आहोत ते पाहणे, हा यावरचा जुना आणि आजही खरा उपाय आहे. लिनक्सवर हा गोंधळ वेगळ्या वाटेने होत असे, कारण तेथे खुद्द कार्यप्रणालीची काही कामे पायथनवर चालतात आणि तिच्याच पायथनमध्ये पॅकेजे कोंबली की ती कामे बिघडतात. म्हणून डेबियनने जून २०२३ मध्ये आलेल्या आपल्या बाराव्या आवृत्तीपासून 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असे बजावून पिपला दारातच अडवायला सुरुवात केली.

यूव्हीचे उत्तर असे की 'कोणते पायथन' हा प्रश्न वापरणाऱ्यासमोर येऊच द्यायचा नाही. प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरात '.व्हेनव्ह' (.venv) नावाचे स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रकल्पापुरते पायथन आणि पॅकेजे ठेवण्याची जागा, असते, कोणती पॅकेजे हवीत ते 'पायप्रोजेक्ट.टॉमल' या फाइलीत लिहिलेले असते, आणि 'यूव्ही रन मेन.पीवाय' असे म्हटले की ते आधी लॉक फाइल (निवडलेल्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) आणि एन्व्हायर्नमेंट यांचा मेळ घालते व मगच प्रोग्रॅम चालवते. अ‍ॅक्टिव्हेट करायचे राहिले, चुकीच्या टर्मिनलमध्ये आज्ञा दिली, या नेहमीच्या वाटाच त्यामुळे बंद होतात. हवे ते पायथन संगणकावर नसेल तर यूव्ही ते स्वतः उतरवून घेते. त्यासाठी ते 'पायथन-बिल्ड-स्टँडअलोन' या प्रकल्पातील तयार बांधणी वापरते. ग्रेगरी झॉर्क यांनी उभा केलेला हा प्रकल्प डिसेंबर २०२४ मध्ये अ‍ॅस्ट्रलकडे आला. यूव्ही स्वतः एकच चालवण्याजोगी फाइल असल्यामुळे ते बसवायला आधी पायथन असावे लागत नाही, ही गोष्ट लहान वाटली तरी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तीस संगणक तयार करणाऱ्या माणसाला तिची किंमत कळेल. या एका बाबतीत यूव्हीला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

आवृत्त्यांच्या भांडणाचा विषय यापेक्षा गुंतागुंतीचा आहे आणि तो नेमक्या उदाहरणावाचून कळत नाही. यंत्रशिक्षणाच्या केरास २ या लायब्ररीवर घडवलेली जुनी मॉडेले चालू ठेवायची असल्यामुळे काही प्रकल्प तिला सोबत आणणाऱ्या टेन्सरफ्लो या पॅकेजाच्या २.१५ आवृत्तीवर थांबलेले असतात, कारण २.१६ पासून टेन्सरफ्लोबरोबर केरास ३ येते. या टेन्सरफ्लोला नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजाची १.२३.५ किंवा त्यापुढची, पण २.० च्या आतली आवृत्ती लागते. आता त्याच प्रकल्पात प्रतिमांवर काम करण्यासाठी ओपनसीव्ही हवे झाले आणि कोणी त्याची ४.१२.०.८८ ही आवृत्ती मागितली, तर तिची अट अशी की पायथन ३.९ पासून पुढे नमपाय २ किंवा त्याहून नवे, पण २.३ च्या आतले असावे. या दोन्ही अटींत बसणारे नमपाय अस्तित्वातच नाही.

पायथन ३.११ वर पिपने हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. आधी टेन्सरफ्लो बसवले की त्याच्याबरोबर नमपाय १.२६.४ येते आणि सगळे सुरळीत चालते. नंतर वेगळ्या आज्ञेने ओपनसीव्ही मागितले की पिप १.२६.४ काढून त्या जागी २.२.६ ठेवते. मग लाल अक्षरांत सांगते की पिपचा रिझॉल्व्हर (जुळणाऱ्या आवृत्त्या शोधणारा भाग) आधीपासून बसवलेल्या सर्व पॅकेजांचा विचार सध्या करत नाही, टेन्सरफ्लोला नमपाय २.० च्या आतले हवे होते आणि तुमच्याकडे २.२.६ आहे. आणि त्याच्या लगेच खाली शेवटची ओळ असते: 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड'. घाईतला माणूस शेवटची ओळ वाचतो. पिपने परत केलेला एक्झिट कोडही शून्यच, म्हणजे यशाचा, असल्यामुळे ही आज्ञा एखाद्या स्क्रिप्टमध्ये असेल तर ती स्क्रिप्टही बिनदिक्कत पुढे जाते. पुढे कधी तरी 'इम्पोर्ट टेन्सरफ्लो' या ओळीवर प्रोग्रॅम कोसळतो आणि नमपाय १.एक्स वापरून बांधलेले मॉड्यूल नमपाय २.२.६ मध्ये चालवता येणार नाही, असा लांबलचक संदेश येतो. तो संदेश खरा असला तरी वाचणाऱ्याची समजूत अशी होते की बिघाड टेन्सरफ्लोत किंवा नमपायमध्ये आहे. ज्या आज्ञेने हे घडवले तिचा त्यात उल्लेखही नसतो. नमपायची २.० ही आवृत्ती जून २०२४ मध्ये आली तेव्हा तिने सी भाषेत बांधलेल्या जुन्या मॉड्यूल्सशी असलेली द्विमान (बायनरी) सुसंगती मोडली होती, हे ज्याला ठाऊक आहे त्याला घोळ पाच मिनिटांत उमगतो. ज्याला ठाऊक नाही तो टेन्सरफ्लो काढून पुन्हा बसवत राहतो.

पिपची बाजूही सांगायला हवी. नोव्हेंबर २०२० च्या २०.३ या आवृत्तीपासून त्याच्याकडे खरा रिझॉल्व्हर आहे आणि दोन्ही पॅकेजे एकाच आज्ञेत मागितली तर तेही ठामपणे नकार देते. अडचण अशी की माणसे पॅकेजे एकाच आज्ञेत मागत नाहीत. गरज पडेल तसे आज एक, पंधरा दिवसांनी दुसरे असे ती बसवतात, आणि आधीचे मागणे काय होते याची नोंद पिपने कुठेही ठेवलेली नसते.

यूव्हीमध्ये ही नोंद म्हणजेच 'पायप्रोजेक्ट.टॉमल'. त्यामुळे 'यूव्ही अ‍ॅड' केव्हाही द्या, दर वेळी ते आजवरच्या सगळ्या मागण्या एकत्र मांडून गणित नव्याने सोडवते. वरच्या उदाहरणात ओपनसीव्हीची ती आवृत्ती मागताच 'नो सोल्युशन फाउंड' असे सांगून ते थांबते आणि पुढे कारणांची साखळी देते: ओपनसीव्ही ४.१२.०.८८ ला नमपाय २ किंवा त्यापुढचे हवे, टेन्सरफ्लो २.१५.१ ला ते २.० च्या आतले हवे, म्हणून ही दोन्ही एकत्र राहू शकत नाहीत. तुमच्या प्रकल्पाला दोन्ही हवी आहेत, म्हणून तुमच्या मागण्या पूर्ण होणे शक्य नाही. एन्व्हायर्नमेंटला हात लागलेला नसतो, 'पायप्रोजेक्ट.टॉमल' पूर्ववत केलेली असते, कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम आजही चालतो. लग्नाच्या याद्या करताना निघालेला वाद मांडवात निघालेल्या वादापेक्षा परवडतो, तसे हे आहे. माझ्या मते यूव्हीचा खरा गुण हाच, आणि वेगाच्या आकड्यांत तो झाकला जातो.

कारणांची ही साखळी मांडता येते ती पबग्रब या पद्धतीमुळे. नताली वायझेनबॉम यांनी डार्ट भाषेच्या पॅकेज व्यवस्थेसाठी ही पद्धत तयार केली आणि २०१८ मध्ये ती सविस्तर मांडली; एखादी वाट बंद निघाली तर ती का बंद निघाली याची नोंद ती ठेवते, आणि शेवटी तीच नोंद स्पष्टीकरण म्हणून दाखवता येते. भांडण दोन पॅकेजांपुरते असेल तर हे स्पष्टीकरण आरशासारखे स्वच्छ असते. मधे पाच-सहा पॅकेजांची साखळी असली की मात्र तोच संदेश पडदाभर पसरतो, 'बिकॉज' आणि 'वी कॅन कन्क्लूड दॅट' यांची इतकी पुनरुक्ती होते की शेवटून वर वाचत जाणेच सोयीचे पडते. अशा वेळी 'यूव्ही ट्री' ही आज्ञा 'इन्व्हर्ट' या पर्यायासह चालवून नमपायसारख्या वादाच्या पॅकेजावर कोण कोण अवलंबून आहे ते उलट बाजूने पाहावे. हा पर्याय नवख्यांना कोणी सांगत नाही आणि संदेशापेक्षा पुष्कळदा तोच जास्त उपयोगी पडतो.

ओपनसीव्हीची नेमकी आवृत्ती न सांगता नुसते ओपनसीव्ही मागितले असते तर यूव्हीने नकार न देता जुळणारी जुनी आवृत्ती शोधून काढली असती, ४.११.०.८६ ही आवृत्ती पायथन ३.११ वर नमपाय १.२६ बरोबर नांदते. हे सोयीचे आहे, पण त्याची दुसरी बाजूही आहे. तुम्ही किमान आवृत्ती लिहिली नसेल तर मेळ घालण्याच्या नादात रिझॉल्व्हर एखाद्या पॅकेजाच्या कित्येक वर्षे जुन्या आवृत्तीपर्यंत मागे जातो, तिची तयार व्हील फाइल उपलब्ध नसते, मग ती मूळ स्रोतातून बांधण्याचा प्रयत्न होतो आणि तो 'डिस्टयूटिल्स' नावाचे मॉड्यूल नाही म्हणून फसतो. ऑक्टोबर २०२३ च्या पायथन ३.१२ मधून डिस्टयूटिल्स काढून टाकले गेले हे कारण यूव्ही सूचनेच्या रूपाने आता स्वतःच सांगते, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. पण मुळात आपण मागितलेल्या पॅकेजाची इतकी जुनी आवृत्ती का निवडली गेली याचा माग आपल्यालाच काढावा लागतो.

आणखी एक तक्रार पहिल्या आठवड्यातच सर्वांच्या वाट्याला येते. यूव्हीची लॉक फाइल सार्वत्रिक असते, म्हणजे ती फक्त तुमच्या लॅपटॉपसाठी तयार होत नाही; विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींसाठी, आणि तुम्ही जाहीर केलेल्या पायथनच्या सगळ्या आवृत्त्यांसाठी ती एकदम सोडवली जाते. प्रकल्पात पायथन ३.९ व त्यापुढचे चालेल असे लिहिलेले असेल आणि एखाद्या पॅकेजाच्या हव्या त्या आवृत्तीला ३.१० लागत असेल, तर तुमच्या संगणकावर ३.१२ असूनही यूव्ही नकार देते. नकार तर्काला धरून आहे, पण ज्याला ३.९ वर काहीच चालवायचे नाही त्याला तो छळ वाटतो. अशा वेळी पॅकेजांशी झोंबण्यापेक्षा 'रिक्वायर्स-पायथन' ही ओळ आपल्या खऱ्या वापराइतकी आवळावी. निम्मे वाद तेवढ्याने मिटतात.

नकार मान्यच नसेल तर 'ओव्हरराइड-डिपेंडन्सीज' लिहून एखाद्या पॅकेजाची अट झुगारता येते. पॅकेजाच्या कर्त्याने उगाच जास्त कडक मर्यादा लिहून ठेवली आहे अशी खात्री असेल तेव्हा हे शस्त्र योग्य, टेन्सरफ्लो २.१५ आणि नमपाय २ यांच्यासारख्या खऱ्या बेबनावावर ते चालवले तर भांडण पुन्हा इम्पोर्टच्या ओळीवर जाऊन पोचते, आणि या वेळी इशारा देणाऱ्याचे तोंड आपणच बंद केलेले असते. दोन पॅकेजे एकाच वेळी लागत नसतील तर ती वेगवेगळ्या गटांत टाकून ते गट परस्परविरोधी असल्याचे जाहीर करण्याची सोय यूव्हीमध्ये आहे. तिची मांडणी नवख्याला थोडी किचकट वाटेल, पण ती प्रामाणिक वाट आहे.

इथे एका गोष्टीबाबत सावध करायला हवे, कारण यूव्हीची स्तुती करणारे ती सहसा वगळतात. जुन्या सवयी मोडू नयेत म्हणून यूव्हीमध्ये 'यूव्ही पिप इन्स्टॉल' ही पिपसारखीच दिसणारी आज्ञा ठेवलेली आहे, आणि बरेच जण यूव्ही घेतल्यावर तीच वापरत राहतात. ही आज्ञा 'पायप्रोजेक्ट.टॉमल' किंवा लॉक फाइलीत काहीही लिहीत नाही. त्याहून वाईट म्हणजे वरच्या नमपायच्या प्रसंगात पिप निदान लाल अक्षरांत कुरकुर तरी करते. 'यूव्ही पिप इन्स्टॉल' मात्र 'स्ट्रिक्ट' हा पर्याय दिल्याशिवाय एन्व्हायर्नमेंटची तपासणीच करत नाही आणि मुकाट्याने नमपाय बदलून मोकळे होते. पुढे कोणी 'यूव्ही सिंक' चालवले की लॉक फाइलीत नसलेले सगळे काढून टाकले जाते, आणि काल बसवलेले पॅकेज आज नाहीसे झाले म्हणून 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर' येतो. 'यूव्ही रन' अशी साफसफाई करत नाही, त्यामुळे कधी पॅकेज टिकते, कधी जाते, असा भास होतो. म्हणजे यूव्हीची शिस्त हवी असेल तर 'अ‍ॅड', 'सिंक' आणि 'रन' या आज्ञांतच राहावे लागते. नुसता वेग हवा असेल तर पिपसारखी आज्ञा पुरते, पण मग पिपच्या सगळ्या खोडी सोबत येतात. काही शंका आली तर 'यूव्ही पिप चेक' चालवून पाहावे.

ज्यूपिटर नोटबुक वापरणाऱ्यांना आणखी एका ठिकाणी ठेच लागते. यूव्हीने तयार केलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप नसतेच. नोटबुकच्या खान्यात उद्गारचिन्ह देऊन 'पिप इन्स्टॉल' लिहिण्याची सवय असणाऱ्याला एक तर आज्ञा सापडत नाही असे उत्तर मिळते, नाही तर संगणकावरचे दुसरेच पिप जागे होते आणि पॅकेज भलत्याच पायथनमध्ये जाऊन बसते. म्हणजे ज्या गोंधळातून सुटण्यासाठी यूव्ही घेतले तोच गोंधळ मागच्या दाराने परत येतो. 'आयपायकर्नल' हे पॅकेज प्रकल्पात डेव्हलपमेंटच्या गटात टाकून नोटबुकसाठी प्रकल्पाचाच कर्नल (नोटबुकचा कोड चालवणारे पायथन) निवडणे आणि पॅकेजे टर्मिनलमधून 'यूव्ही अ‍ॅड'नेच वाढवणे, हा माझ्या अनुभवात टिकणारा मार्ग आहे.

ज्या इम्पोर्टच्या चुकांशी पॅकेज बसवण्याचा काही संबंधच नाही, तेथे यूव्हीकडून अपेक्षा ठेवू नये. पॅकेजाचे दुकानातले नाव आणि इम्पोर्टमधले नाव वेगळे असणे हा त्यांतला पहिला प्रकार. 'इम्पोर्ट सीव्ही२' साठी ओपनसीव्ही-पायथन, 'पीआयएल' साठी पिलो, 'यामल' साठी पायामल, 'एसकेलर्न' साठी सायकिट-लर्न, 'बीएस४' साठी ब्यूटिफुलसूप४ बसवावे लागते, आणि चूक दाखवणारी ओळ यांपैकी काहीही सांगत नाही. दिसलेले नाव तसेच्या तसे 'यूव्ही अ‍ॅड'ला देणे धोक्याचेही आहे, कारण त्या नावाखाली पायपीआय या पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यावर भलतेच काही असू शकते. दुसरा प्रकार म्हणजे आपल्याच फाइलीला 'रँडम.पीवाय' किंवा 'ईमेल.पीवाय' असे नाव देऊन पायथनच्या मूळ मॉड्यूलला झाकून टाकणे. यावरचा खरा दिलासा यूव्हीकडून न येता खुद्द पायथनकडून आला: ३.१३ या आवृत्तीपासून चूक सांगणाऱ्या संदेशातच तुमच्या फाइलीचे नाव मूळ मॉड्यूलच्या नावासारखे आहे, ते बदलून पाहा, असे सुचवले जाते. तिसरा प्रकार दोन फाइलींनी एकमेकींना इम्पोर्ट करण्याचा. 'पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल' हे शब्द दिसले की पॅकेजांकडे न पाहता आपल्या रचनेकडे पाहावे.

पॅकेज समोर असूनही ते नाही असे सांगणारा आणखी एक संदेश भल्याभल्यांना चक्रावून टाकतो. फ्लॅश-अटेन्शन हे पॅकेज बसवताना 'टॉर्च' नावाचे मॉड्यूल नाही असे येते आणि हे मॉड्यूल ज्यातून येते ते पायटॉर्च तर समोर बसवलेले दिसत असते. घडते असे की स्रोतातून बांधायचे पॅकेज एका वेगळ्या, रिकाम्या, तात्पुरत्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बांधले जाते. त्या पॅकेजाने बांधणीला टॉर्च लागते हे नीट जाहीर केलेले नसेल तर तेथे टॉर्च कसे असणार? पिप आणि यूव्ही दोघेही बांधणी अशीच एकाकी ठेवतात. यूव्हीमध्ये 'नो-बिल्ड-आयसोलेशन-पॅकेज' या यादीत त्या एकाच पॅकेजाचे नाव घालून अपवाद करता येतो आणि तो प्रकल्पाच्या फाइलीत लिहिलेला राहतो, त्यामुळे नव्या माणसाला तो पुन्हा शोधावा लागत नाही. दोष पॅकेजाचा, पण उपाय नोंदलेला राहतो हे यूव्हीचे चांगले.

सुरक्षिततेच्या बाबतीत यूव्ही पिपपेक्षा कडक आहे. एकापेक्षा अधिक ठिकाणांहून पॅकेजे घ्यायची असतील तर पिप सगळी ठिकाणे सारखीच मानून त्यांतली सर्वांत वरची आवृत्ती उचलते. यूव्ही ज्या पहिल्या ठिकाणी ते नाव सापडेल तेथेच थांबते. डिसेंबर २०२२ मध्ये पायटॉर्चच्या नाइटली (रोज बनणाऱ्या कच्च्या) आवृत्तीबरोबर 'टॉर्चट्रायटन' या नावाचे घातक पॅकेज पायपीआयवरून अनेकांच्या संगणकांत शिरले, ते ठिकाणांच्या याच सरमिसळीतून. कंपनीचा खासगी साठा आणि पायपीआय दोन्ही वापरणाऱ्याला मात्र या नियमामुळे 'आवृत्ती सापडत नाही' असे उत्तर येऊ शकते, कारण पहिल्या साठ्यात जुनीच आवृत्ती पडून असते. अशा वेळी नियम सैल करण्यापेक्षा ते पॅकेज कोणत्या साठ्यातून घ्यायचे ते 'सोर्सेस'मध्ये लिहिणे बरे.

डिस्क आणि इंटरनेट यांच्या हिशेबाने यूव्ही काटकसरी आहे. लिनक्ससाठीचे पायटॉर्च कूडाच्या (ग्राफिक्स कार्डावर गणिते चालवणाऱ्या) लायब्रऱ्यांसह उतरवायचे म्हणजे काही जीबी डेटा खर्च होतो. यूव्ही ते एकदाच कॅशमध्ये ठेवते आणि प्रत्येक प्रकल्पात नवी प्रत न करता त्याच फाइलींशी जोडते (विंडोजवर हार्डलिंकने, म्हणजे एकाच फाइलीला दुसरे नाव देऊन), त्यामुळे मोबाइलच्या डेटावर काम करणाऱ्यालाही दुसरा प्रकल्प जड जात नाही. याच हार्डलिंकमुळे विंडोजवर वनड्राइव्हच्या फोल्डरात प्रकल्प ठेवणाऱ्याला हार्डलिंक चालत नाही असा एक चमत्कारिक दोष दिसतो. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर नकळत वनड्राइव्हमध्ये गेलेले असण्याची शक्यता बरीच, म्हणून हा दोष दिसला तर 'लिंक-मोड' कॉपी असा करावा किंवा प्रकल्प वनड्राइव्हच्या बाहेर हलवावा. दुसरे मला अधिक पसंत आहे.

पायथनबाहेरच्या लायब्रऱ्याही बसवणाऱ्या कोंडा या अवजाराची जागा यूव्ही घेऊ शकत नाही. ते फक्त पायथन आणि त्याची पॅकेजे हाताळते. जीडॅलसारखी नकाशांच्या कामाची सी++ मधली लायब्ररी आणि तिच्याशी तंतोतंत जुळणारे पायथनचे पॅकेज एकत्र हवे असेल तर कोंडा-फोर्ज (कोंडाचा सार्वजनिक साठा) अजूनही जास्त भरवशाचे आहे, आणि नकाशांवर काम करणाऱ्यांनी केवळ नवे म्हणून यूव्हीकडे धावू नये. पोएट्री हे यूव्हीसारखेच अवजार वापरून सुखी असलेल्यांना बदलण्याची निकड नाही. लॉक फाइलीची शिस्त त्यांना आधीच लाभलेली आहे. एका खासगी कंपनीच्या हाती पायथनच्या जगाची एवढी महत्त्वाची कळ असावी का, हा प्रश्न मला रास्त वाटतो. या कंपनीने २०२५ मध्ये पॅकेजांच्या साठ्याची सशुल्क सेवाही जाहीर केली आहे. पण यूव्ही एमआयटी आणि अपाचे अशा दोन्ही परवान्यांखाली खुले आहे, आणि प्रकल्पाची माहिती ज्या 'पायप्रोजेक्ट.टॉमल'मध्ये राहते ती सर्वांच्या मालकीची रचना आहे. उद्या यूव्ही सोडावे लागले तर लॉक फाइल पुन्हा तयार करावी लागेल, बाकी सामान सोबत येईल.

जुना प्रकल्प यूव्हीवर आणायचा असेल तर 'यूव्ही इनिट' करून 'यूव्ही अ‍ॅड'ला जुनी 'रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी' देता येते, पण ती फाइल 'पिप फ्रीझ' (बसवलेल्या सगळ्या पॅकेजांची यादी काढणारी आज्ञा) यातून निघालेली असेल तर थांबावे. तिच्यात तुम्ही मागितलेली आठ-दहा पॅकेजे आणि त्यांच्यामागून आलेली शंभरेक पॅकेजे एकाच पंक्तीला बसलेली असतात, प्रत्येकाची आवृत्ती काटेकोर बांधलेली असते, आणि तशीच ती 'पायप्रोजेक्ट.टॉमल'मध्ये गेली तर पुढे कोणतेही पॅकेज वाढवताना यूव्ही नकारच देत राहील. आपल्या प्रोग्रॅममधल्या इम्पोर्टच्या ओळी समोर ठेवून प्रत्यक्ष लागणारी पॅकेजे तेवढी हाताने निवडावीत, जेथे खरेच आवश्यक आहे तेथेच आवृत्ती बांधावी, आणि जुनी यादी पहिल्या लॉकपुरती मर्यादा म्हणून 'कन्स्ट्रेंट्स'च्या पर्यायाने द्यावी, म्हणजे आज चालणाऱ्या आवृत्त्याच लॉक फाइलीत उतरतील.